मूत्रपिंड पुस्तकातले आणि खारपाणपट्ट्यातले

परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शरीर शिकवले जाते ते आकृत्यांतून आणि व्याख्यांतून. ज्या गावांत त्या पुढे काम करणार, तिथले पाणी, तिथली शेती आणि तिथली दुखणी मात्र अभ्यासक्रमात कुठेच नसतात. भातकुली तालुक्याच्या निमित्ताने या तुटलेल्या दुव्याचा विचार व्हायला हवा.

अमरावती शहरातून भातकुलीकडे निघाले, की वीस किलोमीटरच्या आतच विहिरीच्या पाण्याची चव बदलते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. जमीन काळी, खोल आणि चिकण; खालचे पाणी मात्र क्षारांनी जड झालेले. भातकुली तालुक्यातील एका गावाचे नावच खारतळेगाव आहे, त्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. शेतीच्या अंगाने या पट्ट्याची दखल सरकारने घेतली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ९३२ गावे स्वतंत्रपणे समाविष्ट करण्यात आली. शेततळी आणि जमिनीची सुधारणा यांवर बरीच चर्चा झाली. माणसाच्या शरीरात हे पाणी वर्षानुवर्षे जाते तेव्हा काय होते, या प्रश्नाला मात्र तेवढे भाग्य लाभले नाही.

हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असे कोणी म्हणेल. अर्थात तो त्यांचा आहेच. पण गावपातळीवर आजारी माणसाशी पहिली गाठ पडते ती डॉक्टरांची नव्हे. सरकारी निकषांप्रमाणे मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. उपकेंद्राचा कारभार सांभाळते ती आरोग्यसेविका. गावाच्या भाषेत नर्सबाई. अलीकडे तिच्या जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत आणि २००५ नंतर आशा स्वयंसेविकाही आल्या. तरीही पाय सुजलेला शेतकरी किंवा डोके जड झालेली गरोदर बाई जिच्यासमोर येऊन बसते, ती बहुधा नर्सबाईच असते. तिला शरीर कितपत समजले आहे, यावर त्या माणसाच्या पुढच्या दहा वर्षांचे बरेच काही अवलंबून असते.

ही नर्सबाई घडते कशी? बारावीचा निकाल लागला, की वऱ्हाडातील अनेक शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुली एएनएम किंवा जीएनएम अभ्यासक्रमाकडे वळतात. पहिला दोन वर्षांचा, दुसरा तीन वर्षांचा. घराला लवकर हातभार लावणारे शिक्षण म्हणून त्याकडे पाहिले जाते आणि त्यात गैर काही नाही. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीत जीवशास्त्र असावे लागते. एएनएम आणि जीएनएमसाठी कला शाखेची मुलगीही पात्र ठरते. म्हणजे जिचा जीवशास्त्राशी संबंध दहावीतच संपला, तिच्यासमोर पहिल्याच वर्षी संपूर्ण मानवी शरीर येऊन उभे राहते. भारतीय परिचर्या परिषदेच्या जीएनएम अभ्यासक्रमात शरीररचना आणि शरीरक्रिया या दोहोंसाठी मिळून तास ठेवले आहेत अवघे ९०. एवढ्यात हाडांपासून संप्रेरकांपर्यंत सगळे उरकायचे. मूत्रपिंडाच्या वाट्याला त्यातले फार तर पाच-सहा तास येत असतील.

या पाच-सहा तासांत काय होते, हे कोणत्याही गाईडचे पान उघडून पाहावे. मूत्रपिंडाचा आकार घेवड्याच्या बीसारखा, वजन सुमारे १५० ग्रॅम, लांबी दहा-अकरा सेंटिमीटर, प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन. आकृती काढा, नावे द्या, पाच गुण. यातले एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही हे सारे पाठ असणारी विद्यार्थिनी आपल्याच काकाच्या सुजलेल्या घोट्यांकडे पाहून 'उन्हात काम केलं म्हणून' असे म्हणू शकते, कारण पुस्तकातले मूत्रपिंड आणि काकाचे मूत्रपिंड एकच आहे हे तिला कोणी दाखवलेलेच नसते.

वस्तुतः हा अवयव समजून घ्यायला फार विद्वत्ता लागत नाही. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा सतत या दोन लहानशा अवयवांकडे जातो. तिथल्या सूक्ष्म गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळपास सगळा शरीर परत घेते. उरते ती दीड-दोन लिटर लघवी. म्हणजे मूत्रपिंड केवळ घाण टाकणारे यंत्र नाही, तर काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निवाडा करणारा तो काटेकोर कारभारी आहे. मीठ किती ठेवायचे, पाणी किती ठेवायचे, पोटॅशियम किती जाऊ द्यायचे, हे तोच ठरवतो. रक्तदाबावर त्याचा लगाम असतो. रक्तातील तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप हाडांतील मगजाला तोच पाठवतो आणि ड जीवनसत्त्व कामास येईल अशा रूपात आणण्याचा शेवटचा टप्पाही त्याच्याकडेच असतो. हे एकदा नीट उमगले, की मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाला रक्तक्षय का होतो, त्याची हाडे का दुखतात आणि रक्तदाब का चढतो, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. एका कारणाच्या पोटी सगळी लक्षणे येतात.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा कारभारी तक्रार करत नाही. निम्म्याच्या आसपास क्षमता गेल्याखेरीज रक्तातील क्रिएटिनिन सहसा ठळकपणे वाढलेले दिसत नाही. भूक मंदावणे, मळमळ, अंगाला खाज, धाप, सूज ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. त्याआधीचा पुरावा सापडतो तो दोनच ठिकाणी : रक्तदाबाच्या आकड्यात आणि लघवीतून जाणाऱ्या प्रथिनात. उपकेंद्रात रक्तदाब मोजण्याचे यंत्र असते. गरोदर मातेच्या लघवीत अल्ब्युमिन आणि साखर पाहण्याची पट्टीही असते. तीच पट्टी पंचेचाळिशीच्या शेतकऱ्यासाठी वापरता येते, हे सुचण्यासाठी मात्र मूत्रपिंड समजलेले असावे लागते.

आता खाऱ्या पाण्याच्या प्रश्नाकडे येऊ. इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. या पट्ट्यात 'खाऱ्या पाण्याने किडन्या गेल्या' हे वाक्य गावोगाव ऐकू येते, निवडणुकीच्या सभांतही येते. भारतीय मानक ब्युरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे. खारपाणपट्ट्यातील अनेक विहिरी आणि बोअर ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. वऱ्हाडी उन्हाळ्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला चार लिटर पाणी सहज पितो. मर्यादेवरचेच पाणी धरले, तरी त्याच्या पोटात रोज आठ ग्रॅम विरघळलेले क्षार जातात. ते सगळे मीठ नसते हे खरे. त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सल्फेट असे बरेच काही असते. पण मूत्रपिंडाचे काम वाढते, यात शंका नाही.

काम वाढणे आणि अवयव निकामी होणे या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. निरोगी मूत्रपिंडे बरीच क्षारता पेलतात. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याचा उद्दानम भाग, श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत, मध्य अमेरिकेतील उसाचे मळे, या तिन्ही ठिकाणी मधुमेह नसलेल्या शेतमजुरांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. तिथे पाणी, कीटकनाशके, उष्णता, वारंवार होणारे निर्जलीकरण, वेदनाशामक गोळ्या अशा अनेक संशयितांची तपासणी झाली. एकच गुन्हेगार अजून सर्वमान्य ठरलेला नाही. दुसरीकडे बांगलादेशाच्या किनारपट्टीवरील दाकोप भागातील अभ्यासात, पिण्याच्या पाण्यातील खारटपणा आणि गरोदरपणातील रक्तदाब यांचा संबंध दिसून आला. आपल्याकडे मूत्रपिंड निकामी होण्याची मोठी कारणे मधुमेह आणि रक्तदाब हीच आहेत. भातकुलीच्या माणसाबाबत खारे पाणी, बेचाळीस-पंचेचाळीस अंशांचे ऊन, न मोजलेला रक्तदाब आणि अंगदुखीसाठी रोज घेतलेली गोळी, हे सारे एकाच शरीरात एकत्र येते. त्यातील पाणी त्याच्या हातात नाही. उरलेल्या तिन्ही गोष्टींत नर्सबाई हस्तक्षेप करू शकते.

अंगदुखीच्या गोळीचेच पाहा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवून ठेवणारी यंत्रणाच दाबतात. भरपूर पाणी प्यालेल्या तरुणाला एखाद्या गोळीने फारसे काही होत नाही. दिवसभर निंदण करून घामाने सुकलेल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईला तीच गोळी आठवडाभर दिली तर गोष्ट वेगळी. किराणा दुकानातही मिळणाऱ्या या गोळ्यांबद्दल औषधशास्त्राच्या पुस्तकात एक ओळ असते : 'मूत्रपिंडाच्या रुग्णांत जपून वापरावे.' पण समोरची व्यक्ती मूत्रपिंडाची रुग्ण आहे हेच कोणाला ठाऊक नसेल, तर जपायचे कोणी?

त्याहून गमतीची, खरे तर गंभीर, गोष्ट सलाईनची. 'अशक्तपणा आला, एक सलाईन लावा' ही आपल्या खेड्यांतली सर्वांत लोकप्रिय उपचारपद्धती आहे आणि शहरी वाचकांनी यावर हसू नये. शहरांतल्या गल्लीबोळांतही तिची चलती आहे. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे. म्हणजे एका बाटलीत जवळपास दिवसाचा कोटा, तोही थेट शिरेतून. अतिसाराने सुकलेल्या माणसाचा ती जीव वाचवते. पण पायांवर सूज असलेल्या, मूत्रपिंड किंवा हृदय थकलेल्या माणसाचा अशक्तपणा घालवण्यासाठी तीच बाटली लावली, तर ते पाणी रात्री त्याच्या फुप्फुसांत उतरू शकते. बाटली तीच, नस तीच, सुई टोचण्याचे कौशल्यही तेच. फरक पडतो तो टोचणाऱ्या हाताला शरीर समजले आहे की नाही, यावर. आपल्या परीक्षांत सुई कशी टोचावी याला गुण असतात. 'या रुग्णाला सलाईन का लावू नये?' असा प्रश्न फारसा विचारला जात नाही.

मूत्रपिंड पूर्ण थकल्यावर उरते डायलिसिस. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सुपर स्पेशालिटीत, मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियाही झाल्या आहेत. ही सरकारी यंत्रणेच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालेल्या विमा योजनेच्या पहिल्या टप्प्यात अमरावती जिल्हा होता, त्यामुळे खर्चाचा मोठा भार हलका झाला. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राला जोडून बसणे, त्यासाठी गावाहून येणे-जाणे, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडणे, हे कोणत्याच योजनेत धरलेले नसते. शिवाय डायलिसिसच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्ताशेजारून सुमारे १२० लिटर द्रव वाहून जातो आणि त्यासाठीचे पाणी अत्यंत काटेकोरपणे शुद्ध केलेले असावे लागते. ज्याला आयुष्यभर बोअरचे खारे पाणी प्यावे लागले, त्याच्या वाट्याला शुद्ध पाणी मुबलक प्रमाणात येते ते मूत्रपिंड गेल्यावर. शहानूर आणि वान यांसारख्या धरणांवरून या पट्ट्यात नळयोजना आल्या, त्यांनी बरेच गाव तारले, हेही नोंदवले पाहिजे. पण पुरवठा खंडित झाला, की लोक पुन्हा जुन्या स्रोताकडे किंवा विकतच्या कॅनकडे वळतात.

आता भाषेचा मुद्दा. ज्या अवयवाविषयी आपण इतके बोललो, त्याला शालेय विज्ञानाच्या पुस्तकात वृक्क म्हणतात, मराठी आरोग्यसाहित्यात मूत्रपिंड, दवाखान्यात किडनी, तर काही घरांत गुर्दा. एएनएमचे शिक्षण बऱ्याच प्रमाणात मराठीत चालते. जीएनएमचे माध्यम इंग्रजी. म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी दोन वेगळ्या अभ्यासक्रमांना गेल्या, तर त्या एकाच अवयवाविषयी दोन भाषांत पाठांतर करतील, आणि रुग्ण तिसऱ्याच भाषेत बोलेल. वऱ्हाडातला रुग्ण 'अंगावर सूज आली' म्हणतो, 'लघवीले जळजळ होते' म्हणतो, 'जीव घाबरते' म्हणतो. या शेवटच्या दोन शब्दांत हृदयविकार, रक्तातील साखर उतरणे, रक्तक्षय आणि निव्वळ काळजी असे काहीही दडलेले असू शकते. काळीज हा शब्द मराठीत हृदयासाठीही चालतो आणि यकृतासाठीही. कावीळ हे आपल्याकडे रोगाचे नाव आहे. वैद्यकशास्त्रात ते लक्षण आहे. हा फरक न कळल्यामुळे काविळीचे झाडपाल्याचे औषध घेऊन आठवडे घालवणारे रुग्ण कमी नाहीत, आणि त्यात एखादी हेपॅटायटिस 'ई' झालेली गरोदर बाई असेल तर आठवडाही तिला परवडत नाही.

मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकीय पदवीची हिंदी पाठ्यपुस्तके प्रसिद्ध केली, त्यानंतर मराठीतून वैद्यकीय शिक्षणाच्या घोषणा आपल्याकडेही झाल्या. या चर्चेत परिचारिकांचे नाव फारसे कोणी घेतले नाही, हे विलक्षण आहे. मराठी समजावणीची खरी निकड पदवीच्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांनाच आहे. मात्र त्यासाठी इंग्रजी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देऊन पुस्तक जाडजूड करण्याचा मार्ग निरुपयोगी ठरेल. 'वृक्कनलिका' पाठ करणे 'नेफ्रॉन' पाठ करण्याइतकेच कठीण असते. औषधांची नावे, तपासण्यांची नावे इंग्रजीतच राहतील आणि राहू द्यावीत. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकही आहे. मराठी हवी ती 'का' आणि 'कसे' यांच्या उत्तरांसाठी. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने महाराष्ट्रीय स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे आणले, तेव्हा हा व्यवसाय कुलीन मानला जात नव्हता. तो सामाजिक अडथळा त्या पिढीने ओलांडला. ज्ञानाच्या भाषेचा अडथळा शतकानंतरही तसाच आहे.

अमरावतीला तरी हे नवे वाटू नये. दाजीसाहेब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवनात कुष्ठसेवेचे काम उभे केले, तेव्हा समाज कुष्ठरोगाकडे पाप म्हणून पाहत होता. हा रोग मुळात त्वचेपुरता नसून नसांवर घाला घालणारा आहे, त्यामुळे डागाच्या रंगापेक्षा डागावरची हरवलेली संवेदना महत्त्वाची, हे एकदा कार्यकर्त्यांना समजले की पिसाचे टोक किंवा कापसाचा बोळा घेऊनही रोगी लवकर हुडकता येतो. भातकुली तालुक्यातल्याच ऋणमोचनला पूर्णेच्या काठी गाडगेबाबांनी घाट उभारला. कार्यकारणभाव लोकांच्या भाषेत सांगण्याची परंपरा या मातीत आहे. ती वर्गाच्या दारातून आत येत नाही, एवढेच.

इतर नेहमीच्या आजारांबाबतही हेच. लकवा म्हणजे 'वारे गेले' असे मानून तेल चोळत बसणारे कुटुंब आणि साडेचार तासांच्या आत पोहोचले तर गुठळी विरघळवण्याचे औषध देता येते हे जाणणारी परिचारिका, यांच्यात एका फोनचे अंतर असते. कपाशीच्या फवारणीचे तर वऱ्हाडाला वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या बाहुल्या, तोंडातून गळणारी लाळ, दाटलेला श्वास ही ऑर्गॅनोफॉस्फेट विषाची खूण. कपडे काढून अंग साबणाने धुणे ही पहिली कृती आणि ॲट्रोपिन हे औषध. परंतु सगळीच कीटकनाशके या गटातली नसतात, म्हणून डब्याचे लेबल सोबत आणायला सांगणे हेही परिचर्येचेच काम. यवतमाळनंतर कपाशीच्या प्रदेशातील प्रत्येक परिचारिका विद्यालयात हा धडा सर्वांत आधी शिकवला जायला हवा होता. अभ्यासक्रम सगळ्या देशासाठी एकच, त्यामुळे विषबाधा सगळीकडे सारखीच दोन पाने.

अर्थात सारा दोष अभ्यासक्रमाचा नाही. रुग्णाच्या खाटेजवळ शिकायचे शास्त्र रुग्णच नसलेल्या इमारतीत शिकता येत नाही. विद्यार्थिनी आणि रुग्ण यांचे प्रमाण एकास तीन असावे असा निकष आहे. गेल्या दोन दशकांत निघालेल्या खासगी संस्थांपैकी कितींना तो खऱ्या अर्थाने पाळता येतो, हे तपासणी पथकांनीच सांगावे. अमरावतीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, त्यामुळे जिल्ह्यात शिकवण्याजोगे रुग्ण आणि शिकवणारे हात वाढतील. त्याचा लाभ परिचर्येच्या वर्गांपर्यंत पोहोचवायचा की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी कंत्राटी भरतीच्या विरोधात संप केला. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर फिरणाऱ्या व्यक्तीकडून एखाद्या गावाचे आजार ओळखण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

यात तातडीने आणि फारसा खर्च न करता होण्याजोगे काही आहे. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या तपासणीची नोंद ग्रामपंचायतीकडे असते. तीस वर्षांवरील नागरिकांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची मोहीम चालते. तिची नोंद उपकेंद्रात असते. दोन्ही वह्या एकाच गावात, बहुधा एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत असतात. पण कोणत्या बोअरचे पाणी पिणाऱ्या घरांत रक्तदाब अधिक, कोणाच्या लघवीत प्रथिने जातात, हे त्यांवरून कोणी पडताळून पाहत नाही, कारण एक वही पाणीपुरवठा विभागाची आणि दुसरी आरोग्य विभागाची. प्रत्येक परिचर्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्यासाठी गावात राहून काम करण्याचा कालावधी असतो. भातकुली, दर्यापूर, अकोट या भागांत येणाऱ्या विद्यार्थिनींना त्या काळात भिंतीवर लावायचे तक्ते रंगवायला न लावता या दोन वह्या आणि लघवीच्या पट्ट्यांची एक डबी हाती द्यावी. सुरुवात खारतळेगावापासून केली तरी चालेल.